हरलेल्या फौजेचं पोट

असईची लढाई म्हटली की आपण तोफा मोजतो. २३ सप्टेंबर १८०३, वेलस्ली जिंकला, शिंदे हरले. पण दुसऱ्या दिवशी त्या हरलेल्या फौजेने खाल्लं काय?

ती अजिंठ्याचा घाट उतरून आपल्या खानदेशात आली. इथे आधीच होळकरांच्या फौजांची लूट झालेली, त्यात दुष्काळ. आज आम्ही देवपुरातून पांझरा ओलांडून ज्या धुळ्यात जातो, ते त्या साली पार ओस पडलं होतं! १८०४ मध्ये विंचूरकरांच्या बाळाजी बळवंतांनी ते पुन्हा वसवलं.

अशा मुलखात फौजेला धान्य पुरवायचे ते बंजारे. ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकातच त्यांचे दहा-बारा हजार बैलांचे तांडे नोंदवलेत. हे नुसते हमाल नव्हेत, व्यापारी. स्वस्त तिथे घ्यायचं, छावणीच्या बाजारात विकायचं. गिऱ्हाईक मराठा असो की इंग्रज. वेलस्लीचं सैन्यही त्यांच्याच बैलांवर जगत होतं. आता हरलेल्याची खरी पंचाईत बघा. तोफा पुन्हा ओतता येतात, पण नाणं आणि पत गेली की तांडा दुसरी वाट धरणार.

१८६० च्या दशकात खानदेशात रेल्वे आली, बैल मागे पडले. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या 'गुन्हेगार जमातीं'च्या याद्यांत पुढे बंजारेही आले. तो शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. 'विमुक्त जाती' हे नाव तिथूनच आलं.

ज्यांची वाट सेनापती बघायचे, त्यांनाच मग पोलिसांत हजेरी लावावी लागली.