खोलीत जमलं, वर्गात नाही

एडीएचडी असलेल्या मुलांसाठी शाळेत समुपदेशनाचे गट चालतात. तिथे 'थांब, विचार कर, मग कर' हमखास शिकवतात. हे आलं कुठून?

१९७१ साली कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातले डोनाल्ड मायकेनबाउम आणि जोसेफ गुडमन यांनी एक निबंध छापला. एडीएचडी हे नाव तेव्हा नव्हतंच, ते १९८७चं. यांची मुलं दुसरीतली, 'उतावीळ' म्हणून खास वर्गात बसवलेली. आधी मोठा माणूस स्वतःशी मोठ्याने बोलत काम करून दाखवणार: काय करायचंय, सावकाश, चुकलं तर पुन्हा. मग मुलाने तेच मोठ्याने बोलत करायचं, मग कुजबुजत, शेवटी मनातल्या मनात. (आपले पाढे असेच तर मुरायचे!) मुळात ही कल्पना व्हिगॉट्स्की-लुरियांची.

चाचण्यांत मुलं सुधारली. वर्गातल्या वागण्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. हे त्याच निबंधात लिहिलंय, पण पद्धत उचलताना ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही असं मला वाटतं. १९८०च्या दशकात हॉवर्ड अबिकॉफ यांनी असे अभ्यास तपासले, निष्कर्ष निराशाजनकच निघाला.

म्हणून गटाचा कुठलाही नवा आराखडा हातात आला की मी आधी बघते, वर्गशिक्षिकेला त्यात काही काम दिलंय का. बरेचदा नसतं.