आठ विचार आणि मनाचे जाते

धर्मग्रामातील घरांना भेटी देताना एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो : 'फादर, रोझरीला बसले की नको ते विचार मनात येतात. हे पापच ना?' विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरील भीती आमच्या ओळखीची आहे. गुरुविद्यालयात असताना आम्हीही तिने ग्रासलो होतो. सात प्रमुख पापांची यादी आम्हांस मुखोद्गत होती. परंतु ती यादी मुळात पापांची नसून विचारांची होती, हे आम्हांस फार उशिरा उमगले. तो इतिहास आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

चौथ्या शतकात पोंतस प्रांतात एव्हाग्रिअस नावाचा विद्वान होऊन गेला. संत ग्रेगरी नाझिआन्झुस ह्यांनी त्याला डीकनपदाची दीक्षा दिली. कॉन्स्टँटिनोपल ह्या राजधानीत त्याच्या विद्वत्तेचा बोलबाला झाला. पण तेथेच एका उच्चपदस्थाच्या पत्नीवर त्याचे मन जडले. राजधानी सोडून तो जेरुसलेमला गेला. तेथेही मन स्थिर होईना. त्यातच दीर्घ तापाने तो खंगला. अखेर मेलानिया ह्या धर्मनिष्ठ विधवेपाशी त्याने अंतःकरण उघडे केले. तिच्या सल्ल्याने इ. स. ३८३ च्या सुमारास तो इजिप्तच्या वाळवंटात संन्यासी झाला आणि ३९९ साली तेथेच निवर्तला.

राजधानी मागे राहिली, तरी विचार त्याच्याबरोबर वाळवंटात आले. एव्हाग्रिअसने त्यांची बारकाईने पाहणी केली आणि आठ प्रकार नोंदवले : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, लौकिकाची हाव आणि गर्व. आपल्याकडील षड्रिपूंची येथे कोणासही आठवण व्हावी. ह्यांपैकी उबगाचे त्याने केलेले वर्णन आजही पटते. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, संन्याशाचे लक्ष सारखे खिडकीबाहेर जाते, आपली खोली आणि आपले काम नकोसे होते.

हे विचार मनाला त्रास देतील की नाही, हे आपल्या हाती नाही. त्यांना मुक्काम करू द्यायचा की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे, अशी त्याची शिकवण होती. वाळवंटात प्रभू येशूने सैतानाला शास्त्रवचनांनी निरुत्तर केले. तोच धडा गिरवून एव्हाग्रिअसने सुमारे पाचशे विचारांना बायबलमधील वचनांची उत्तरे योजून एक ग्रंथ सिद्ध केला.

त्याची शिकवण पश्चिमेस नेली ती जॉन कॅसिअन ह्याने. पाचव्या शतकाच्या आरंभी मार्से येथे त्याने मठ स्थापिले. इजिप्तमधील मठपित्यांच्या बोधातून त्याने एक दाखला नोंदविला आहे. मन हे पाण्यावर चालणाऱ्या जात्यासारखे आहे. पाण्याचा लोट येत राहील तोवर जाते थांबणार नाही. पण त्यात गहू घालावा की रानटी दाणे, हे धन्याच्या इच्छेवर असते. ज्यांनी आजीला पहाटे जात्यावर बसलेली पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

सहाव्या शतकाच्या अखेरीस परमगुरू थोर संत ग्रेगरी ह्यांनी ही यादी नव्याने मांडली. गर्वाला सर्वांचे मूळ मानून वेगळे काढले, मत्सर घातला, उबग खिन्नतेत सामावला आणि संख्या सात झाली. पुढे धर्मशिक्षणात ही 'सात पापे' म्हणून रूढ झाली. ओरिजेनवादाशी संबंध जोडला गेल्याने एव्हाग्रिअसचे नावही मागे पडले. यादी उरली, पण विचार येणे आणि त्याला थारा देणे ह्यांतील भेद सामान्य भाविकाच्या मनातून पुसट झाला. त्या वृद्ध मातेच्या चेहऱ्यावरील भीतीचे एक मूळ आम्हांस येथे दिसते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : विचार आला म्हणून घाबरू नये, आणि आला म्हणून त्याला पाटही मांडू नये. जात्यात चांगला दाणा घालावा. देवा, साहाय्यास धावून ये, अशी याचना करणारे ७० व्या स्तोत्राचे आरंभीचे वचन कॅसिअनने सतत मनात घोळविण्यास सांगितले. आजही आम्ही धर्मगुरू दैनिक प्रार्थनाविधीचा आरंभ त्याच वचनाने करतो. स्वयंपाक करताना, गाडीची वाट पाहताना, रात्री झोप येत नसताना ते कोणालाही म्हणता येईल. रोझरी म्हणताना मन भरकटले, तर ते जेथे आठवेल तेथून पुढचा मणी धरावा.