सिल्वासाची जुनी पेठ

जुन्या वस्त्यांना नवं रूप देणारे बिल्डर आज कौतुकाचा विषय आहेत. सिल्वासात मात्र त्यांना हात घालायला जुनी पेठच नाही, आणि त्याचं कारण महसुलात आहे. मराठी आरमाराने 1772 मध्ये ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांनी 1783 मध्ये सिल्वासाभोवतीच्या नगर हवेलीचा वसूल पोर्तुगीजांना तोडून दिला. वसुलाला कचेरी पुरते, बाजारपेठ लागत नाही. नगर हवेलीचं मुख्य ठाणं दरार्‍याहून सिल्वासाला यायला 1885 उजाडलं. 1889 मध्ये पोर्तुगीज राजाज्ञेने शहराचा दर्जा मिळाला, ‘व्हिला द पासो द आर्कोस’ असं भारदस्त नावही. लोकांच्या तोंडी ते कधी बसलं नाही! 1897 चं चर्च अजून उभं आहे, मग वारसा नाही कसा, असं कोणी म्हणेल. पण एका इमारतीने मोहल्ला होत नाही. पणजीचा जुना मोहल्ला फोंतायन्हास टिकला तो त्यातल्या घरांत माणसं राहत आली म्हणून. सिल्वासात 1954 च्या मुक्तीनंतर करसवलतींच्या ओढीने कारखाने आले आणि चाळी, सोसायट्या त्यांच्यामागून उठल्या. खरी जुनी वस्ती शोधायची तर वारली पाड्यांकडे वळावं लागेल. तिथे कुडाच्या भिंती दरवर्षी नव्याने लिंपल्या जातात.