शनवार तेली

शनवार तेली (शनिवार तेली): रायगड किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल, म्हणजे यहुदी, समाजाला शेजारच्या गावकऱ्यांनी दिलेले नाव. समास मध्यमपदलोपी, विग्रह ‘शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली’. ज्या पदावर अर्थ उभा आहे, ते ‘बंद ठेवणारा’च समासात गळले आहे. त्यामुळे परक्या वाचकाला नेमका उलटा, शनिवारी तेल गाळणारा, असा अर्थ लागू शकतो. गावाला मात्र हे नाव कोणी उलगडून सांगावे लागत नसे. शुक्रवारी दिवस मावळला की या घरांतला बैल घाण्यावरून सुटे, तो शनिवार मावळेपर्यंत पुन्हा जुंपला जात नसे.

‘तेली’ हा संस्कृत ‘तैलिक’पासून आला. तैल म्हणजे मुळात तिळाचेच. खोबऱ्याचे, कारळ्याचे तेल हा पुढचा अर्थविस्तार. ‘शनवार’मधला शनि म्हणजे शनैश्चर, सावकाश चालणारा ग्रह. मराठीत ग्रहावरून वाराला नाव पडले. हिब्रूत उलट ‘शब्बाथ’ या विश्रांतीच्या वारावरून शनीला ‘शब्बताई’ म्हणतात.

या नावात हिणवणूक शोधणे चुकीचे ठरेल. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा न चालवणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’ म्हणवले जात. धंदा एकच, म्हणून गावाने खाड्याच्या वारावरून दोघांना ओळखले.

समाजाच्या परंपरेनुसार पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावपाशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे दफनस्थान नवगावला दाखवतात. काळाच्या ओघात हिब्रू भाषा विसरली गेली, बोली मराठी झाली, आडनावे किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडली. शब्बाथ मात्र सुटला नाही. ग्रंथ हाताशी नसताना आठवड्याचा एक दिवस पिढ्यान्‌पिढ्या जपणे ही असामान्य निष्ठा आहे, आणि या शब्दाचे मोल तिच्यामुळे आहे. बाहेरच्यांनी ठेवलेल्या नावात त्या निष्ठेची साक्ष टिकली.

अठराव्या शतकापासून अनेक कुटुंबे मुंबईत आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत गेली. १७९६ मध्ये समाजाचे पहिले सिनेगॉग मुंबईत उभे राहिले. १९४८ नंतर बहुतेकांनी इस्रायल गाठले. घाणे त्याआधीच मागे पडले होते. समाज स्वतःला ‘बेने इस्रायल’, इस्रायलची लेकरे, असेच म्हणवतो.