फकिरा : एका नावाचं कूळ

मंडळी, आपल्या वाशिम जिल्ह्यात जुन्या पिढीत 'फकिरा' हे नाव काही अनोळखी नाही. नातवाचं नाव आकाश, आजोबांचं फकिरा, पणजोबांचं तुकाराम. घर हिंदू, देव्हाऱ्यात खंडोबा. मग मधेच हे अरबी नाव आलं कुठून?

आधी शब्द पाहू. अरबीत 'फकीर' म्हणजे गरजवंत. ज्या धातूपासून हा शब्द झाला, त्याच धातूपासून पाठीच्या मणक्याचा शब्दही होतो. म्हणून ज्याचा कणाच मोडला तो फकीर, अशीही फोड कोशकार करतात. कुराणात सर्वच माणसं ईश्वरापुढे फकीर आहेत. सूफींनी या गरजवंतपणाला साधनेचा मान दिला. फारसीच्या वाटेनं हा शब्द आपल्याकडे आला.

आता आपलं मंगरुळपीर घ्या. गावाच्या नावातला 'पीर' फारसी, तिथल्या दर्ग्यातल्या दादा हयात कलंदरांच्या नावातला 'हयात' अरबी, अर्थ जीवन. अशा दर्ग्यांना हिंदू घरंही नवस बोलत आली. मूल जगत नसेल तर पिराला साकडं घालायचं. मूल जगलं की मोहरमात त्याला फकीर करायचं, गळ्यात झोळी घालून घरोघर मागायला लावायचं. नावही त्यातूनच पडे.

हे केवळ आपल्याकडचं नाही. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ यांना नवस केला आणि मुलांची नावं शहाजी, शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. 'शरीफ' म्हणजे कुलीन. हे शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. तिकडे ओडिशात १८४३ साली जन्मलेल्या व्रजमोहनला आजारातून उठवण्यासाठी आजीनं पिराला नवस केला. तो पुढं ओडियाचा थोर कादंबरीकार फकीरमोहन सेनापती झाला. आणि अण्णा भाऊ साठ्यांच्या १९५९ च्या कादंबरीत बाप राणोजी, मुलगा फकिरा.

पण नुसत्या नवसानं नाव रुजत नाही. त्याला घरात सोबती लागतात. ते आधीपासून होतेच: दगडू, धोंडू, केरबा आणि भिकाजी. भिकाजी म्हणजे मागून आणलेला. फकिराचा अर्थही जवळपास तोच! मृत्यूच्या नजरेला भरू नये म्हणून आईनं लेकराला कमी लेखायचं, ही रीत जुनी. तिला एक नवा शब्द मिळाला, इतकंच. मग नामा, चोखा यांच्यासारखा शेवटी 'आ' लागला आणि फकीरचा फकिरा झाला. परकेपणा तिथंच संपला.

आज काही मुलं कागदोपत्री आजोबांचं हे नाव बदलून घेऊ पाहतात. आम्ही त्यांना एवढंच विचारतो: बाबा रे, आजोबांच्या आधीची भावंडं किती गेली होती, हे घरात कुणाला ठाऊक आहे का? नाव पुसलं की त्या पणजीचं दुःखही पुसलं जाईल. तिनं दार कोणाचं ते पाहिलं नव्हतं, लेकरू जगावं एवढंच मागितलं होतं.