पत्र्यावर चढा, मॅच सुरू आहे

मोबाईल खिशातच राहू द्या, इथे तो चालायचा नाही. 9 मार्च 1996, आर्णी, कलती दुपार. दारात चपलांचा ढीग पडलाय, तुमच्या ओळखून ठेवा आणि शिरा आत. बसायला जागा नाही? कोपऱ्यात विकायचा राहिलेला कापूस आहे, त्या गंजीवर चढा. आधी मऊ लागेल, मग पाठ खाजेल. बिडीचा धूर, सरकीचा वास, तीस जणांचा घाम. पंख्याचा वारा पहिल्या रांगेतच संपतो.

समोर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यावर दूरदर्शन. बंगळूरला विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी आणि समोर पाकिस्तान. सिद्धू 93 वर गेला तेव्हा खोली हळहळली. आता अजय जडेजा वकार युनूसला धुतोय आणि मांडीवरचं पोर कुणाचं, याचा कुणाला पत्ता नाही. 25 चेंडूंत 45! भारत 287.

"लाईन गेली बे!"

घाबरू नका. ट्रॅक्टरची बॅटरी येतेय. चिमटे लागतात, ठिणगी उडते, पडदा उजळतो. पण चित्रात नुसत्या मुंग्या! सगळे तुमच्याकडे पाहतात. "भाऊ, तुम्ही चढता का वर? जरा अँटेना फिरवा ना."

चढा. पत्रा अजून कोमट आहे, पाय जपून टाका. पाइप धरून फिरवा. खिडकीतून हुकूम येतील: "आलं... आलं... गेलं! मांगं घ्या! बस, आता हालू नका!"

हालू नका म्हणजे नका. डास चावला तरी. गाव अंधारात आहे. ज्याच्याकडे बॅटरी, त्याच्या घरी अख्खी गल्ली. खालून कण्हल्यासारखा आवाज येतो: पाकिस्तानच्या आमिर सोहेलनं वेंकटेश प्रसादला चौकार मारून वर बॅट रोखून दाखवलीय. मग सगळं चिडीचूप.

आणि एकदम आरोळी! तुमच्या पायाखालून, बाजारातून, कंबलपोष बाबांच्या दर्ग्याकडून, अरुणावती नदीच्या अंगानं, सगळीकडून एकाच क्षणी. पत्रा थरथरतो.

तुमच्या काळात असं होत नाही. मोबाईलवर सामना तुकड्या-तुकड्यांनी येतो, जरा साठतो, मग दिसतो. तोवर चेंडू शिळा झालेला. गोलंदाज धावायच्या आत वरच्या मजल्यावरचा ओरडतो आणि तुमची विकेट तिथेच वाया जाते. इथे कुणी कुणाच्या पुढे नाही. फक्त तुम्हाला काही दिसलं नाही, एवढंच.

उतरा खाली. रिप्ले होऊन गेला. बोट मागे ओढून पुन्हा पाहायची सोय नाही. "काय झालं?" म्हणून विचारा फक्त. तीस जण एकदम सांगायला लागतात: पुढच्याच चेंडूवर प्रसादनं सोहेलचा त्रिफळा उडवला! कुणीतरी तुमच्या हातात कपडे धुवायचं धोपटणं देतं: तुम्ही सोहेल. ते त्या खांबाकडे रोखून दाखवा. प्रसाद अंगणातून धावत येतोय. आणि खबरदार, चेंडू अडवलात तर!