‘मेक’ की ‘डू’? उत्तर तोक्योत

मराठीत चूकही करतात आणि गृहपाठही करतात. इंग्रजीत मात्र चुकीला ‘मेक’ लागतं, गृहपाठाला ‘डू’. याचा नियम व्याकरणात सापडत नाही. जोडी ठरलेली, ती तशीच उचलायची.

अशा जोड्यांची पद्धतशीर जुळवाजुळव झाली ती लंडनात नव्हे, तोक्योत. हॅरल्ड पामर १९२२ मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून तिथे पोचले. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था काढली आणि १९३३ मध्ये शब्दजोड्यांची वर्गवारी करणारा अहवाल छापला.

तिकडे क्युशू बेटावरच्या ओइता गावी ए. एस. हॉर्नबी १९२४ पासून शिकवत होते. गेले होते साहित्य शिकवायला. पण पोरांचं घोडं अडत होतं साध्या क्रियापदांपाशी! मग तेही पामरांच्या कामात सामील झाले. दोन सहकाऱ्यांसह त्यांनी एक कोश रचला. कोणतं क्रियापद वाक्याच्या कोणत्या साच्यात बसतं, हे त्यात क्रमांकांनी दाखवलं होतं.

युद्ध पेटलं, हॉर्नबी स्थानबद्ध झाले. कोश तोक्योत १९४२ मध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला.

या जोड्यांना ‘कोलोकेशन’ म्हणण्याची प्रथा भाषाविज्ञानात रुजवणारे जे. आर. फर्थ तर १९२०च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकवत होते.